शांत एरिया पाहिजे

सकाळी 6.20

घर बघायला आलेली पार्टी अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर उभी आहे. नवरा छत्री सावरतोय, बायको रिक्षावाल्यांची रांग न्याहाळतेय. डोंबिवलीत भाड्यानं राहतात. पहिल्या फोनवर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, शांत एरिया पाहिजे." बजेट त्यानंतर. सगळ्यांचं असंच असतं. स्टेशनपासून चालत, बाजारापासून जवळ, शाळा समोर, आणि शांत!

माझ्या धंद्यात घर दाखवायची ठरलेली वेळ म्हणजे रविवार, सकाळी अकरा. गाड्या कमी, शाळा बंद, कारखान्यातली पाळी अर्धी, ओनरनं अगरबत्ती लावलेली आणि सगळे पंखे पाचवर. त्या एका तासात घर पसंत करायचं आणि वीस वर्षं हप्ता भरत बाकीचे तास तिथं काढायचे. म्हणून मी घर तीन वेळांना दाखवते: पहाटे, पावसात आणि रात्री साडेदहानंतर. बाजूच्या दुकानातला एजंट म्हणतो, "मॅडम, असं फिरवलंत तर टोकन कधी निघायचं?" त्याचं म्हणणं खोटं नाही. काही पार्ट्या दुसऱ्याच फेरीत गळतात.

6.45

चौथा मजला, टू बीएचके, रिसेल. ओनर पुण्याला, चावी माझ्याकडे. आत शिरताच वहिनी किचनकडे वळल्या, दादा बाल्कनीकडे. मी दोघांना बेडरूममध्ये बोलावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि म्हटलं, आता जरा वेळ कुणी बोलायचं नाही. दादांना हसू आलं, पण गप्प राहिले.

आधी काहीच ऐकू येत नाही. मग एकेक येऊ लागतं. लोकलचा भोंगा, तो दुरून, चालेल. खाली पाण्याची मोटार सुरू होते आणि भिंतीतून बारीक थरथर येते. स्कूल व्हॅनचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून उभा. वरच्या मजल्यावर कुणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटतंय. वहिनी म्हणाल्या, "हे रोजचं?" विचारायचं ते हेच. वरच्यांना सांगून कुटणं थांबेल, मोटार थांबणार नाही.

उतरताना वॉचमनकाकांशी दोन शब्द. पाणी किती वाजता सुटतं, किती वेळ राहतं, हे एजंटला विचारू नये, वॉचमनला विचारावं. आणि मे महिन्याचं खरं कळून घ्यायचं असेल तर सोसायटीचा वार्षिक अहवाल मागावा. त्यात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. तो आकडा पाहिला की जीवन प्राधिकरणाचं पाणी पुरतं की नाही, ते लगेच कळतं.

7.35

दादांना म्हटलं, आज ऑफिसला इथूनच जा. घाटकोपरला उतरायचंय त्यांना. डोंबिवलीकराला गर्दीची भीती मी काय घालणार! पण अंबरनाथहून सुटणाऱ्या लोकल आहेत आणि बदलापूरहून भरून येणाऱ्याही आहेत, आणि दोन्हींत फरक आहे. सीएसएमटी इथून साठ किलोमीटर. वाढलेला प्रवास अंगावर येतो तो संध्याकाळी, परतताना. रात्री सांगा म्हटलं.

8 ते 10

घर, डबे, भांडी. ब्रोकर ग्रुपवर एकशे सत्तावीस मेसेज, त्यातले निम्मे 'डायरेक्ट ओनर'चे. डायरेक्ट ओनर म्हणून फोन करावा तर पलीकडे आणखी एक ब्रोकरच निघतो.

10.30

दुकान उघडलं. काचेवर महारेराचा एजंट नंबर आहे, 'ए'नं सुरू होणारा. 2024 पासून एजंटाला परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते फ्रेम करून देवाच्या फोटोखाली लावलंय. पूर्वी पानटपरीवाला, लाँड्रीवाला, कुणीही फ्लॅट दाखवायचा. अजूनही दाखवतात, पण आता हळू आवाजात.

शिवमंदिराच्या बाजूला राहणारे एक काका आले. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. बैठं घर, भोवती दोन नारळ. विकायचंय. त्यांना बिल्डरचा भाव हवाय आणि बिल्डर फिरकत नाही. कारण साधं आहे. मंदिर इसवी सन 1060 चं, शिलाहारांच्या काळातलं, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगी घेऊनच करावं लागतं. 2010 च्या दुरुस्तीनंतर हा कायदा फारच कडक झालाय. काकांचं घर मोजणीत आत येतं. दुरुस्ती होईल, टॉवर होणार नाही.

"म्हणजे माझ्या घराला किंमतच नाही?"

म्हटलं, काका, आहे, पण ती बिल्डरकडून मिळणार नाही. समोर सात मजले कधीच उठणार नाहीत याची कायद्यानं दिलेली हमी या शहरात दुसऱ्या कुठल्या घराला आहे? महाशिवरात्रीची जत्रा सोडली तर शांतता मागणाऱ्या माणसाला हेच घर दाखवायला हवं. फक्त त्याला शंभर मीटरचा नियम टोकनच्या आधी सांगायचा. काका विचार करतो म्हणून गेले. भाव ते उतरवणार नाहीत, असं त्यांच्या चालण्यावरून वाटलं.

12.00

नोंदणी कार्यालय. आजची पार्टी बदलापूरची, अडतीस लाखांचा फ्लॅट, बाईंच्या एकटीच्या नावावर. राज्यात 2021 पासून राहत्या घराच्या खरेदीत स्त्रीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण घेणाऱ्यांत फक्त बायका असल्या तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. ही गोष्ट मी महिन्याभरापूर्वी सांगितली, तेव्हा बाईंचे यजमान "हो हो" म्हणाले. आज बाकावर बसल्यावर त्यांच्या आईचा फोन आला आणि मग बाहेर व्हरांड्यात बराच वेळ चर्चा. अडतीस हजार रुपये एका बाजूला, 'घर कुणाचं' दुसऱ्या बाजूला. बाई काही बोलल्या नाहीत. आधारकार्ड हातात घेऊन टोकन नंबरच्या पाटीकडे बघत राहिल्या. शेवटी यजमानच आत आले. "जाऊ दे, हिच्याच नावावर." लोनला ते सहअर्जदार आहेत, म्हणजे हप्ता त्यांच्या पगारातून जाणार आणि इंडेक्स टूवर नाव हिचं. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार, झालं. नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार, ती तशीच.

बाईंनी पेढे वाटले. आषाढ चालू आहे म्हणून सासूबाईंची हरकत होती, तर म्हणे पूजा श्रावणात करू.

1.30

ही वेळ ॲमस्टेल्व्हेनची. तिथं सकाळचे दहा. एका पार्टीचा मुलगा इथल्या खेर सेक्शनमध्ये लहानाचा मोठा झाला, आता ॲमस्टरडॅमजवळच्या त्या उपनगरात असतो. आईवडील इथं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेले. त्यांच्यासाठी लिफ्टवालं घर हवंय. आई माझ्या दुकानात खुर्चीवर, मुलगा फोनमध्ये.

त्यानं नुकतंच तिकडे स्वतःचं घर घेतलंय, एका रांगेत चिकटून असलेल्या घरांपैकी एक, मागे छोटी बाग. त्याला सगळं सविस्तर विचारल्याशिवाय मी सोडलं नाही, धंद्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे ओनर पंचावन्न म्हणतो आणि पार्टी पन्नासवरून सुरू करते. तिकडे, त्याच्यासारखी मागणी असलेल्या भागात, सांगितलेल्या किमतीच्या वर बोली लावायची, तीही बंद पाकिटातल्यासारखी, दुसऱ्यानं किती लावली हे न कळता. घेणाऱ्याचा एजंट वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा; दोन्हीकडून दलाली घेणारी माझ्यासारखी मधली बाई तिथं चालत नाही. सहीआधी घर तपासायला माणूस आणता येतो. तो छप्पर, ओल, पाया बघून लेखी अहवाल देतो. आणि सही केलेला करार हातात पडल्यावर तीन दिवस कायद्यानं विचार करायला मिळतात. त्या तीन दिवसांत कारण न देता 'नको' म्हणता येतं.

हे ऐकून मी गप्प झाले. आपल्याकडे टोकनचे एकावन्न हजार दिले की माणूस रात्रभर जागतो, आणि सकाळी नको म्हणाला तर ते परत मिळवताना नाकीनऊ येतात. रेरानं पुष्कळ केलंय. नव्या प्रोजेक्टमध्ये करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, ताबा दिल्यावर पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याच्यावर. पण रिसेलला यातलं काही लागू नाही, आणि माझा निम्मा धंदा रिसेलचा.

"एरिया कसा आहे रे?" आईनं विचारलं.

"शांत. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर माणूस नाही."

"मग बोलतोस कुणाशी?"

तो हसला आणि कुलमुखत्यारपत्राकडे वळला. वडिलांच्या नावानं तिकडे करून पाठवायचं, आणि कागद इथं पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. शेतजमीन किंवा फार्महाऊस त्याला घेता येणार नाही, फ्लॅटला काही अडचण नाही. आईची अट एकच निघाली: खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे.

4.10

पाऊस कोसळतोय. हीच वेळ हवी होती. वहिनी हाफ डे टाकून आल्या, बरोबर सासूबाई. पुन्हा तोच चौथा मजला.

पावसाळ्यात भिंत बोलते. मी रंग बघत नाही, रंगातला फरक बघते. सगळी खोली जुनी क्रीम आणि खिडकीखालचा हातभर चौकोन नवा पांढरा, म्हणजे तिथं काहीतरी झाकलंय. पॅसेजला फॉल्स सीलिंग, तेही फक्त बाथरूमच्या बाहेर? वर गळती आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगायचं आणि मागे तळहात टेकवायचा. सासूबाईंनी मी सांगायच्या आधीच टेकवला. हात काढला, बोटं चोळली, पांढरी पूड माझ्यासमोर धरली.

"क्षार."

बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर फुटलंय, काम सोसायटीचं आहे, मोठं नाही. पण सोसायटीच्या फंडात पैसा किती, ते पाहावं लागेल. मी ओनरला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: 'पावसात सगळीकडे होतं.' खरं आहे. भावही सगळीकडे उतरतो.

मग सासूबाईंनी बाथरूमच्या टाइल्स एकेक वाजवून पाहिल्या. डचांचा तपासनीस याचेच पैसे घेत असणार.

6.00

वांगणीच्या बाजूच्या एका साईटवरून सेल्सवाल्याचा फोन. नदीकाठ, रिव्हर व्ह्यू, पार्टी आणा, कमिशन जास्त देतो. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि हजारावर माणसं बोटींनी काढली होती. उल्हास नदीचा व्ह्यू तेव्हा रुळावर आला होता. पूररेषेचा नकाशा पाठवा म्हटलं. पाठवतो म्हणाला. यांचा नकाशा अजून कधी आलेला नाही.

7.30

उल्हासनगरचं एक सिंधी कुटुंब. इमारत नव्वदच्या दशकातली. मे 2021 मध्ये उल्हासनगरातच साईशक्ती इमारतीचे स्लॅब एकावर एक कोसळून सात माणसं गेली, तेव्हापासून आजीला पावसाळ्यात झोप लागत नाही. त्यांना शांत, स्टेशनजवळ, बाजाराजवळ यातलं काहीच नको होतं. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आहे का, हा पहिला प्रश्न. असं सरळ विचारणारी पार्टी विरळा. दोन घरं शनिवारी दाखवायचं ठरलं.

10.40

चौथा मजला, तिसऱ्यांदा. दादा ऑफिसातून थेट इथं. डोळे सांगत होते प्रवास कसा झाला ते. पाऊस थांबलाय, हवा पडलीय. बाल्कनीचं दार उघडलं.

या वेळेला का आणते, ते सांगून पटत नाही. मोरिवली आणि आनंदनगर, दोन्हीकडे एमआयडीसी. रासायनिक कारखान्यांचा वास दिवसा येत नाही असं नाही, पण रात्री, वारा पडला की तो खाली बसतो. या शहरातली माणसं त्याबद्दल तक्रारी करून थकलीत. दिवसा घर बघणाऱ्याला हे कधीच कळत नाही. कळतं ते राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात, उशी नाकावर ओढून.

आज येईल की नाही मला माहीत नव्हतं. पाचेक मिनिटांनी आला, आंबूस, घशात टोचणारा, फार नाही. वहिनींनी पदर नाकाला लावला. दादा म्हणाले, "रोज?" मी म्हटलं, रोज नाही, पण येतो. हे मी लपवलं तर डिसेंबरात तुम्ही माझ्या दुकानासमोर उभे राहाल.

दोघं जिन्यात जाऊन बोलली. मी आत थांबले, लाइट बंद केले, नळ तपासले. दोघं परत आली तेव्हा वहिनींनीच बोलायला सुरुवात केली. डोंबिवलीतही वास आहे, म्हणाल्या, आणि तिथं भाडं दर अकरा महिन्यांनी वाढतं. मोटारीची थरथर चालेल, भिंत सोसायटी करेल, वासाला खिडकी लावू. पण हे सगळं किमतीत दिसलं पाहिजे. ओनरचे बावन्न. यांना सत्तेचाळीसला हवंय.

सकाळी नऊला ओनरला फोन करायचा ठरलं. भिंतीचा फोटो त्याच्याकडे आहेच. पाच लाख उतरतील असं दादांना वाटतंय. माझ्या मते अडीच, आणि शेवटचे पन्नास हजार टेबलवर.