जारमध्ये चिल्लर किती? नजरेने नको, काट्याने सांगा

रात्री गल्ला बंद करताना नोटा आपण नीट मोजतो. चिल्लर मात्र सरळ जारमध्ये जाते. "असतील पाच-दहा हजार," म्हणायचं आणि झाकण लावायचं. आज त्या जारचा हिशोब करूया.

आमच्या ट्रेनिंगला आलेल्या दोन भावांची टपरी होती. धंदा वेगळा करायचं ठरलं. सामान वाटलं, उधारीची वही वाटली, आणि गाडी अडली ती चिल्लरने गच्च भरलेल्या २० लिटरच्या पाण्याच्या जारवर. थोरला म्हणे १० हजार, धाकटा म्हणे ५० हजार. दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

पद्धत पहिली: जागेवरून

एक लिटरचं भांडं नाण्यांनी भरा. आता त्यात मोजून पाणी ओता. काठोकाठ भरेपर्यंत साधारण ४५० मिली पाणी मावतं. म्हणजे ओतलेली नाणी फक्त ५५ टक्के जागा घेतात, बाकी सगळी पोकळी! इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

आता नाण्याचा आकार. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, जागा घेतं साधारण अर्धा मिली. २० लिटरच्या ५५ टक्के म्हणजे ११ लिटर. त्यात मावतील सुमारे २२ हजार नाणी. १० रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, जागा साधारण १ मिली. ती मावतील ११ हजार, म्हणजे १ लाख १० हजार रुपये!

गंमत बघा, वजन दोन्हीकडे ८० किलोच्या वरच. जार तोच, वजन जवळपास तेच, पण रक्कम पाचपट. म्हणून नुसता जार बघून रक्कम सांगताच येत नाही. (आणि हो, भरलेला जार एकट्याने उचलायला जाऊ नका.)

पद्धत दुसरी: वजनावरून

दुकानात काटा आहेच. एकाच प्रकारची नाणी असतील तर १ किलोत साधारण एवढे रुपये येतात:

- १ रुपया (३.७९ ग्रॅम): २६४ रुपये
- २ रुपये (४.८५ ग्रॅम): ४१२ रुपये
- ५ रुपये (६ ग्रॅम): ८३३ रुपये
- १० रुपये (७.७१ ग्रॅम): १,२९७ रुपये

हे आकडे २०११ च्या मालिकेचे. २०१९ च्या मालिकेतला रुपया ३.०९ ग्रॅमचाच आहे, त्यामुळे जुनी-नवी नाणी वेगळी करूनच तोला.

सगळी सरमिसळ असेल तर? त्या भावांनी केलं तेच करा. चिल्लर ताडपत्रीवर ओतून कालवली. डब्याडब्याने तोलली, एकूण ८४ किलो भरली. मग वेगवेगळ्या जागेवरून १-१ किलोचे तीन नमुने घेऊन मोजले, १,२९० रुपये निघाले. म्हणजे किलोला ४३०. गुणिले ८४, झाले ३६,१२०. अर्ध्या तासात भांडण मिटलं. नंतर सगळी मोजली तेव्हा फरक हजाराच्या आतच निघाला.

नमुना फक्त वरून घेऊ नका. वर अलीकडची नाणी असतात, तळाशी जुनी.

मग या चिल्लरचं करायचं काय?

नाणेनिर्मिती कायदा २०११ प्रमाणे १ रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन आहेत. त्यामुळे होलसेलवाल्याने पोतंभर चिल्लर नाकारली तर त्याच्याशी वाद घालू नका. बँकेत नाणी भरायला मात्र रिझर्व्ह बँकेने मर्यादा ठेवलेली नाही. १००-१०० नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या करून न्या, कॅशियरचंही काम सोपं होतं.

आणि शेवटचा हिशोब. ३६ हजारांचा माल महिन्यात एकदा फिरला आणि १० टक्के सुटले, तर ३,६०० रुपये होतात. जारमध्ये त्याच पैशांवर फक्त धूळ बसते. येत्या रविवारी दुकान बंद झाल्यावर जार काट्यावर घ्या. किलो, नमुना, गुणाकार. आकडा वहीत लिहा आणि सोमवारी बँक गाठा!