बिब्बा उतल्यास लहान मुलाची शुश्रूषा

बांधावरील बिब्ब्याचें झाड आपल्या शेतकरी बंधूंस नवें नाहीं. पायांत कांटा मोडला, टांचेस भेग पडली कीं बिब्ब्याचा चटका द्यावा, दृष्ट लागूं नये म्हणून तान्ह्या मुलास त्याचा ठिपका लावावा, ही चाल जुनी आहे. मोठ्यांच्या राठ कातडीस हें कित्येकदां सोसतें. परंतु कोंवळ्या कातडीवर बिब्बा उतला म्हणजे काय होतें, तें मीं घरींच पाहिलें.

माझ्या तीन वर्षांच्या नातवाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडला. घरच्या वडील मंडळींनीं मायेनेंच बिब्बा लाविला. त्या वेळीं पोरानें त्यास हात लाविला व पुढें डोळे चोळले. पहिल्या दिवशीं कांहींच दिसलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं घोट्यापर्यंत पाण्यानें भरलेले फोड आले आणि पापण्या सुजून डोळे मिटले. ‘उष्णता असेल’ म्हणून आणखी दोन दिवस दवडले, ही चूक माझीच.

बिब्ब्याच्या टरफलांत काळें, तेलकट व दाहक द्रव्य असतें. आंबा, काजू व बिब्बा हीं एकाच कुळांतील झाडें होत. अमेरिकेंतील ‘पॉयझन आयव्ही’ ही विषारी वेलही त्याच कुळांतली. धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करीत, त्यामुळें हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर खुणेच्या जागीं पुरळ उठत असे. त्यांच्या लष्करी डॉक्टरांनीं १९४३ सालीं तें नोंदविलें आहे. हें द्रव्य त्वचेंत मुरलें म्हणजे शरीर त्याचा प्रतिकार करूं लागतें, आणि त्यांतूनच खाज व फोड उत्पन्न होतात. सबब पुरळ बहुधा एकदोन दिवसांनीं दिसतो. फोडांतील पाण्यानें तो पसरत नाहीं. नखांत व कपड्यांवर राहिलेल्या तेलानें पसरतो.

करितां प्रथम काम धुण्याचें. तेल लागतांच तो भाग साबण व भरपूर पाण्यानें, न घांसतां धुवावा. पहिल्या दहापंधरा मिनिटांत याचा उपयोग सर्वांत अधिक. मुलाचे हात व नखें धुवावीं, कपडे निराळे धुवावे. धुण्यापूर्वीं खोबरेल चोळूं नये. त्यानें बिब्ब्याचें तेल भोंवतालीं पसरतें.

पुरळ उठल्यावर थंड पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ फडक्याच्या घड्या पंधरावीस मिनिटें, दिवसांतून तीनचार वेळां ठेवाव्या. न फुटलेल्या पुरळावर कॅलामाईन लोशन लावावें. डोळ्यांजवळ व तोंडाजवळ लावूं नये. नखें कापावीं. फोड मुद्दाम फोडूं नयेत. चुना, राख, शेण किंवा पुन्हां बिब्बा यांपैकीं कांहीं लावूं नये. साधा पुरळ दोनतीन आठवड्यांत ओसरतो. डाग कांहीं काळ राहतात.

चेहरा, डोळे किंवा गुह्यभाग सुजल्यास, पुरळ अंगभर पसरल्यास, ताप आल्यास, पू झाल्यास अथवा मूल एक वर्षाच्या आंतील असल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें. त्यांनीं पोटांत घेण्यास औषध दिल्यास, बरें दिसतांच तें मध्येंच बंद करूं नये, पुरळ उलटतो. ओठ वा जीभ सुजली, श्वास लागला, तेल पोटांत गेलें किंवा जळत्या बिब्ब्याचा धूर छातींत गेला, तर क्षणाचाही विलंब न लावतां दवाखाना गांठावा. ओकारी मुद्दाम काढवूं नये.

बिब्ब्याचें लांकूड चुलींत घालूं नये, आणि गोडंबीसाठीं बिब्बे फोडण्याच्या जागीं मुलांस बसवूं नये.

आमचा नातू तीन आठवड्यांनीं बरा झाला. कांटा मात्र इतके सर्व होऊनही पायांत तसाच होता. तो डॉक्टरांनीं स्वच्छ चिमट्यानें घटकेंत काढिला. तेंच पहिल्या दिवशीं झालें असतें, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.