नागिणीच्या सुरातली वीज

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वरातीत एक क्षण हमखास येतो. बँडवाला क्लॅरिनेटवर 'नागीन'ची धून काढतो. नवरदेवाचा एक मित्र रुमालाचं टोक दातांत धरून पुंगी वाजवल्यासारखा डोलायला लागतो, आणि दुसरा नव्या शर्टाची पर्वा न करता रस्त्यावर आडवा होऊन दोन्ही हातांचा फणा काढतो. बँडच्या जागी धुमाल असलं तर तीच धून गाडीवर बांधलेल्या कॅसिओतून निघते, आवाज चौपट असतो, पण लोळणारा मित्र तोच. नाचणाऱ्यांना, वाजवणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांनाही वाटतं की ही गारुड्याच्या पुंगीची नक्कल आहे.

खरं म्हणजे ती एका विजेच्या पेटीची नक्कल आहे.

1954 साली आलेल्या 'नागीन' या हिंदी चित्रपटाचं संगीत हेमंतकुमार यांचं होतं. त्यातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात आणि पडद्यावर नागीण डोलते तिथे तिथे जी पुंगी ऐकू येते, ती गारुड्याने वाजवलेली नाही. ती वाजवली कल्याणजी वीरजी शाह या गिरगावात वाढलेल्या पंचविशीतल्या कच्छी तरुणाने, क्लॅव्हियोलिन नावाच्या वाद्यावर. जोडीला हार्मोनियम होती, आणि ती वाजवत होते हेमंतकुमारांचे सहायक रवी, पुढे स्वतःच मोठे संगीतकार झालेले. म्हणजे लाखो लोकांनी ऐकलेलं, आजही गल्लीगल्लीत वाजणारं हे आपलं पहिलं अफाट लोकप्रिय इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि ते इलेक्ट्रॉनिक आहे याचा पत्ताच कुणाला लागला नाही. मला तर यंत्राचा याहून मोठा विजय दुसरा सुचत नाही.

क्लॅव्हियोलिन 1947 च्या सुमारास फ्रान्समध्ये कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी तयार केलं, आणि ब्रिटनमध्ये सेल्मर कंपनीने ते बनवून विकलं. तीन सप्तकांच्या पट्ट्यांची छोटीशी पेटी, शेजारी स्पीकरचा वेगळा डबा. पियानोवाल्याने ती पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवायची, डाव्या हाताने पियानो वाजवायचा आणि उजव्या हाताने हिच्यावर सूर धरायचा, अशी मूळ योजना. आवाज कमीजास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी. आत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह.

या व्हॉल्व्हचं काम मजेशीर आहे. विजेचा प्रवाह एका ठरावीक गतीने चढवायचा-उतरवायचा, चढवायचा-उतरवायचा. सेकंदाला 440 वेळा हे घडलं की स्पीकरचा पडदा 440 वेळा पुढेमागे होतो आणि आपल्याला एक स्वर ऐकू येतो. पट्टी दाबली की मंडलातला विरोध बदलतो, गती बदलते, स्वर बदलतो. तीच गती निम्मी केली की बरोबर एक सप्तक खालचा स्वर मिळतो. इथे तार छेडायची नाही, पडद्यावर थाप मारायची नाही, फुंकायचंही नाही. शिवाय यंत्र एका वेळी एकच स्वर काढू शकतं. दोन पट्ट्या दाबल्या तरी बोलणार एकच. पियानोवाल्याला ही उणीव वाटेल. कल्याणजींच्या हातात ती सगळ्यात मोठी सोय ठरली.

कारण पुंगीही तशीच आहे. दुधी भोपळ्याच्या फुग्यात हवा भरून राहते आणि खाली दोन नळ्या असतात. एकीवर छिद्रं, ती धून वाजवते. दुसरी एकच सूर अखंड धरून ठेवते. गारुडी गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे आवाज मध्ये तुटत नाही. बासरीवाला जिभेने सुरांना कापू शकतो, पुंगीवाला नाही. त्याचा एक स्वर दुसऱ्यात वाहत जातो. आता क्लॅव्हियोलिनकडे बघा: पट्टी दाबून ठेवली तर सूर तासभरही जसाच्या तसा राहील, कारण त्याला दम लागत नाही. पियानोचा स्वर हातोडी पडली की लगेच मरायला लागतो, म्हणून पियानोवर पुंगी कधी जमलीच नसती.

दुसरं कारण आवाजाच्या जातीत आहे. पुंगीतली पातळ पत्ती हवेच्या झोताला सेकंदाला शेकडो वेळा अडवते आणि सोडते. हवा सलग न जाता तुकड्यातुकड्यांनी जाते, धडधड धडधड. क्लॅव्हियोलिनमधला प्रवाहही गोलाईने चढत-उतरत नाही, तो झटक्यांनी उघडतो-मिटतो. अशा झटक्यांच्या ध्वनीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट गतीचे वरचे स्वरही भरपूर मिसळलेले असतात, आणि त्यांच्यामुळेच तो नाकातला, टोचरा, थोडासा कुरकुरणारा आवाज तयार होतो. एकीकडे भोपळा, दुसरीकडे काचेचा व्हॉल्व्ह. पण पत्ती हवेशी जे करते ते व्हॉल्व्ह विजेशी करतो, आणि कानाला फक्त परिणाम कळतो. त्यावर व्हायब्रॅटोचं बटण लावलं की सूर थरथरायला लागतो आणि नागीण समोर येऊन उभी राहते.

अर्थात बटण दाबून नागीण निघत असती तर ब्रिटनमध्येही निघाली असती. तिकडे याच वाद्यातून 1962 मध्ये 'टेलस्टार' निघालं, जो मीक या निर्मात्याने 'टॉर्नेडोज' या बँडकडून वाजवून घेतलेली धून, आणि तिच्यात ऐकणाऱ्यांना उपग्रह दिसला. 1967 मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात जॉन लेनन यांनी हेच वाद्य वाजवलं, तेव्हा ते सनईच्या जवळ गेलं. कल्याणजींनी मुख्य स्वराला लागून पटकन येणाऱ्या कणांनी आणि झटक्यांनी मींडेचा भास निर्माण केला. पट्ट्यांच्या वाद्यावर खरी मींड येत नाही, हे हार्मोनियमवाल्यांचं जुनं दुःख. ते दुःख हाताने कसं झाकायचं याची विद्याही आपल्याकडे तितकीच जुनी आहे. झाडीपट्टीत वडसा-ब्रह्मपुरीकडे दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक पाहिलेल्यांना हे सांगायला नको. तिथला ऑर्गनवाला पायाने भाता हलवत नटाच्या गळ्यामागे असा धावतो की पट्ट्या कुठे संपल्या आणि गळा कुठे सुरू झाला ते कळत नाही.

जाता जाता, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे त्या नागाला बाहेरचा कान नाही. जबड्याच्या हाडातून त्याला जमिनीचे हादरे कळतात, हवेतले खर्जाचे आवाजही थोडेफार कळतात. पण त्याचा फणा डोलतो तो पुंगीच्या हलण्यामागे, सुरामागे नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडून खेळ करणं गुन्हा ठरलं, आणि गारुडी गावोगावचे रस्ते सोडून गेले. ताडोबाच्या आसपासच्या गावांत आज नाग निघाला तर लोक सर्पमित्राला फोन लावतात. म्हणजे आजच्या पोराने पुंगी ऐकलेली असते ती बहुधा 'नागीन'मधलीच, नाहीतर तिच्यावरून निघालेली. अस्सल गेलं आणि नक्कल अस्सल होऊन बसली!

आता त्या पेटीमागच्या माणसाकडे वळतो. कल्याणजी आणि त्यांचे धाकटे भाऊ आनंदजी हे मूळचे कच्छमधल्या कुंदरोडीचे. वडिलांचं गिरगावात किराणा दुकान होतं. उधारी फेडता न आलेल्या एका संगीत मास्तरांनी पैशांऐवजी या पोरांना शिकवलं, असा किस्सा भावांच्या बाबतीत नेहमी सांगितला जातो. खरा असेल तर हिंदी चित्रपटसृष्टीतली ती सगळ्यात फायद्याची उधारी. पुढे 'कल्याणजी वीरजी अँड पार्टी' हा त्यांचा ऑर्केस्ट्रा निघाला. 'सम्राट चंद्रगुप्त' (1958) कल्याणजींनी एकट्याच्या नावावर केला, आणि 'सट्टा बाजार'पासून (1959) 'कल्याणजी-आनंदजी' ही जोडी नांदायला लागली. सुरुवातीच्या काळात लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा हे त्यांचे सहायक होते. त्या दोघांनी पुढे स्वतःची जोडी काढली आणि 1976 चा 'नागिन' व 1986 चा 'नगीना' हे दोन्ही सापांचे चित्रपट संगीताने सजवले. शिष्यांनीही नाग सोडला नाही.

गंमत अशी की स्वतंत्र झाल्यावर या भावांनी यंत्र बाजूला ठेवलं. साठच्या दशकातली त्यांची गाणी, 'जब जब फूल खिले', 'हिमालय की गोद में', 'उपकार', ऐकली तर साधी, सरळ, गुणगुणता येणारी चाल पुढे आहे आणि वाद्यं मागे. 'सरस्वतीचंद्र'साठी (1968) त्यांना संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि या विभागातला तो पहिलाच पुरस्कार होता. ज्या माणसाने विजेची पुंगी घराघरांत पोचवली त्याला देशाने गौरवलं ते संथ, जवळजवळ देवघरातल्या वाटणाऱ्या चालींसाठी. मला यात विसंगती दिसत नाही. 'नागीन'मध्येही त्यांचं ध्येय यंत्र मिरवण्याचं नव्हतं, भाव पोचवण्याचं होतं. पोचला की यंत्राची गरज संपली.

सत्तरच्या दशकात मात्र त्यांचा पोत पार बदलला. फिरोज खान यांचे 'अपराध' (1972) आणि 'धर्मात्मा' (1975), अमिताभ बच्चन यांचा 'डॉन' (1978). इथे चालीपेक्षा आधी आवाज अंगावर येतो: गिटारचा चिरका, वाकडा केलेला ध्वनी, ब्रासचे फटकारे, जड बेस आणि मागे तालवाद्यांची घोडदौड. धाकटे भाऊ बाबला तालवाद्यांचे जाणकार, त्यामुळे लयीला घरातच बळ होतं. पाठलागाच्या दृश्यांसाठी दोन मिनिटांच्या तुकड्यांत त्यांनी जे करून ठेवलं ते अनेकांच्या पूर्ण गाण्यांपेक्षा जास्त धीट आहे, असं माझं मत.

मग 'कुर्बानी' (1980) आला. संगीत या जोडीचं, पण एक गाणं बाहेरून आलं: लंडनमध्ये राहणारे, बंगळूरचे बिड्डू यांनी किशोरवयीन नाझिया हसनकडून गाऊन घेतलेलं. बिड्डूंनी 1974 मध्ये 'कुंग फू फायटिंग' हे जगभर गाजलेलं गाणं केलं होतं आणि डिस्को त्यांच्या हातचा मळ होता. त्या एका गाण्याने आपल्याकडच्या ध्वनीचं माप बदललं. इथे यंत्र कशाचीच नक्कल करत नव्हतं, स्वतःच्याच आवाजात बोलत होतं. आणि त्याच चित्रपटात कल्याणजी-आनंदजींनी भावजय कांचन आणि अमितकुमार यांच्याकडून गाऊन घेतलेलं लैलाचं गाणं डिस्कोच्या दिव्याखालीही अरबी-देशी वळणाचं राहतं. दोन्ही ऐकून बघा, एकाच रिळावर दोन काळ शेजारी बसलेले दिसतील. 1982 मध्ये मुंबईतच चरणजित सिंग या चित्रपटवादकाने रोलंडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक तबकडी काढली. ती फारशी कुणी विकत घेतली नाही. 2010 मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे रसिक चक्रावले, कारण शिकागोत पुढे जे 'ॲसिड हाउस' म्हणून निघालं त्याच्यासारखं काहीतरी ती आधीच वाजवत होती.

ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोड्यांना उधाण आलं ते त्याच दशकाच्या शेवटी. 'ऑर्बिटल' म्हणजे फिल आणि पॉल हार्टनॉल हे दोन भाऊ. लंडनभोवतीच्या एम-25 या वळणरस्त्यावरून त्यांनी नाव घेतलं, आणि 1989 मध्ये 'चाइम' ही रचना वडिलांच्या कॅसेट रेकॉर्डरवर उतरवली. दोन भाऊ, चार यंत्रं, झालं गाणं. त्याच 1989 मध्ये मुंबईत 'त्रिदेव' गाजला. पडद्यावर नाव कल्याणजी-आनंदजींचं, पण आवाजात कल्याणजींचे चिरंजीव विजू शाह यांचे सिंथेसायझर ठासून भरलेले. पस्तीस वर्षांपूर्वी बापाने जी पेटी पुंगीमागे लपवली, तिचीच वंशावळ मुलाने दर्शनी भागात मांडली. फरक एवढाच की हार्टनॉल बंधूंना फक्त नाचणाऱ्यांना खूष करायचं होतं. शाहांना निर्माता, नट, दिग्दर्शक, गीतकार आणि तिकीटबारीवरचा शेवटचा माणूस, सगळ्यांना.

यानंतर उलटी गंगा वाहिली. सॅम्पलर नावाचं यंत्र जुन्या तबकडीतला सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा आकड्यांच्या रूपात साठवतं आणि बटण दाबलं की हवा तेव्हा, हव्या त्या गतीने परत वाजवतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॅन द ऑटोमेटर यांनी या भावांच्या पाठलागांच्या संगीतावर 'बॉम्बे द हार्ड वे' हा अल्बम रचला. 2005 मध्ये 'ब्लॅक आइड पीज'च्या 'डोंट फंक विथ माय हार्ट'मध्ये 'अपराध' आणि 'डॉन' या दोन चित्रपटांतल्या गाण्यांचे तुकडे वापरले गेले, आणि 2006 मध्ये त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, तेही 'जोडी किंवा समूह' या विभागात. कल्याणजी 2000 मध्येच गेले होते. गाण्याच्या श्रेयनामावलीत अमेरिकन नावांच्या रांगेत कल्याणजी-आनंदजी आहेत, आणि त्यांच्या शेजारी गीतकार इंदीवर. ज्या भाषेत गाणं लिहिलं होतं तिचा एक शब्दही न कळणाऱ्यांनी ते विकत घेतलं.