मनोरुग्णाचे गुपित कोणाचे?

शरीराचे दुखणे घेऊन माणूस डॉक्टरांकडे पुष्कळदा एकटाच जातो. मनाचे दुखणे जडलेल्यास मात्र बहुधा कोणीतरी घेऊन जाते. लांजी, बैहर वा कटंगीकडील एखादे कुटुंब बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात येते, किंवा ‘गावात कळायला नको’ म्हणून गोंदियावरून थेट नागपूर गाठते, तेव्हा रोगी एक आणि सोबतीला चार माणसे, असेच चित्र असते. नागपूरची ही वाट जुनी आहे. तेथील मनोरुग्णालय १८६४ सालचे. आणि १९५६ पर्यंत बालाघाटकरांची राजधानीही नागपूरच होती. तर, श्रोतेहो, डॉक्टर रोग्याशी एकांतात बोलतात आणि दार उघडताच वडील विचारतात, “काय म्हणाला तो?” मानसोपचारतज्ज्ञाची खरी कसोटी या साध्या प्रश्नाशी लागते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या तेविसाव्या कलमान्वये रोग्याचा आजार व उपचार यांविषयीची माहिती गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. मग वडिलांना काहीच सांगावयाचे नाही काय? तसे नाही. प्रौढ रोग्यास आपला प्रतिनिधी नेमता येतो. साधा कागद आणि त्यावर सही वा अंगठा एवढे त्यास पुरते. तसा कोणी नेमलेला नसेल, तर नातेवाइकाचा क्रम लागतो. या प्रतिनिधीस त्याचे काम पार पाडण्यापुरती माहिती देता येते. औषध केव्हा द्यावे, कोणत्या लक्षणांवर नजर ठेवावी, हे वडिलांस कळलेच पाहिजे. मुलाने कोणापाशी मन गुंतविले आहे, हे कळण्याचे कारण नाही. शिवाय कुटुंबाचे म्हणणे ऐकून घेण्याने कोणतेही गुपित फुटत नाही, ही गोष्ट काही डॉक्टर विसरतात आणि नातलगांना उगाच दाराबाहेर तिष्ठत ठेवतात.

खरा पेच विवाहाच्या प्रकरणात पडतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकृती हे घटस्फोटाचे एक कारण आहे. म्हणून एखादा नवरा पत्नीस तपासावयास आणतो आणि जाताना ‘वेडाचा दाखला’ मागतो. फी त्याने भरली असेल, परंतु रुग्ण ती आहे. तिच्या संमतीवाचून हा कागद त्याच्या हाती देणे म्हणजे विश्वासघातच होय. नुसत्या निदानाने फारसे सिद्धही होत नाही. आजाराचे नाव पुरेसे नसून त्याची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले. आणि मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणासही वेडसर मानता येणार नाही, तो निर्णय न्यायालयाचा, असे २०१७ चा कायदा म्हणतो.

तथापि गुपितालाही मर्यादा आहे. एका भारतीय विद्यार्थ्याने अमेरिकेत आपल्या मानसोपचारकापाशी एका तरुणीच्या हत्येचा मनोदय बोलून दाखविला होता. तिला वा तिच्या घरच्यांना कोणी सावध केले नाही आणि १९६९ मध्ये तिची हत्या झाली. तेथील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये निकाल दिला, की अशा प्रसंगी धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. आपला कायदाही दुसऱ्यास इजा टाळण्यासाठी माहिती देण्यास मोकळीक देतो. पण ती धोका टाळण्यास लागेल तेवढीच. भरवेलीच्या खाणीतील एखादा कामगार मुकादमाच्या जिवावर उठला असेल, तर मुकादमास सावध करावे. त्या कामगाराच्या बालपणीच्या कथा कचेरीत पोहोचविण्याचे प्रयोजन नाही.

बालकावरील लैंगिक अत्याचाराची गोष्ट आणखी निराळी. २०१२ च्या कायद्यानुसार तिची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तेथे उपचारकाला निवड नाही. तसेच वकिलाला अशिलाच्या गुपिताबाबत जे संरक्षण आहे, ते न्यायालयात डॉक्टरला नाही; न्यायाधीशांनी आज्ञा केल्यास त्याला बोलावेच लागते. या मर्यादा रोग्याने मन मोकळे करण्यापूर्वीच त्यास सांगाव्यात, हे माझ्या मते उपचारकाचे पहिले नैतिक कर्तव्य आहे. गोड बोलून सारे काढून घ्यावे आणि मागाहून नियम दाखवावा, यासारखा दुसरा अन्याय नाही.

आत्महत्येचा विचार मात्र रोग्याने निर्भयपणे सांगावा. असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दंड विधानाचे जुने ३०९ कलम उरलेले नाही.

राहता राहिला उपचाराच्या नोंदींचा प्रश्न. त्या पाहण्याचा हक्क स्वतः रोग्यास आहे. एखादा भाग वाचून त्याच्या मनास गंभीर अपाय होईल असे वाटल्यास डॉक्टर तेवढा भाग रोखू शकतात. पण त्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हेही त्यांनीच रोग्यास सांगावयाचे असते.