‘सेव्ह अ‍ॅज’च्या पलीकडे

आपल्या सोसायटीच्या मीटररूममधलं विजेचं पॅनेल कधी नीट बघितलंय? पत्र्याची साधीशी पेटी वाटते, पण तिच्यात दारं, चौकटी, पट्ट्या, ब्रॅकेट असे पन्नास-साठ सुटे भाग सहज असू शकतात. प्रत्येक भाग आधी कॉम्प्युटरवर ‘कॅड’मध्ये तयार होतो आणि मग लेझर मशिन तो पत्र्यातून कापतं. मधली एक पायरी मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसते. कटिंगच्या सॉफ्टवेअरला अख्खी पेटी देऊन चालत नाही. त्याला हवी असते एकेका भागाची, सपाट केलेली, वेगळी फाइल.

सपाट म्हणजे कशी? मिठाईचा खोका उलगडून टेबलावर पसरला की दिसतो तशी. ब्लाउज बेतताना आपण शिलाईसाठी माया ठेवतो. पत्र्याचं उलटं असतं! वाकवताना तो ताणला जातो, म्हणून बाहेरून मोजलेल्या मापांच्या बेरजेपेक्षा सपाट तुकडा किंचित कमी घ्यावा लागतो. हा हिशेब कॅड स्वतः करतं. पण फाइल काढायचं काम अनेक लहान कारखान्यांत अजून हातानंच चालतं.

भोसरी असो, नाशिकचं अंबड असो की कोल्हापूरजवळचं शिरोली, अशा एखाद्या कारखान्याचा डिझाइन विभाग डोळ्यांसमोर आणा. आयटीआयचा दोन वर्षांचा ‘ड्राफ्ट्समन मेकॅनिकल’ (नावात अजून ‘मॅन’च!) करून आलेली मुलगी तिथे बसलीय. भाग उघडायचा, सपाट करायचा, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून डीएक्सएफ निवडायचं, नावात भागाचा नंबर, पत्र्याची जाडी, नग आणि रिव्हिजन टाइप करायचं, फाइल बंद. एका भागाला चार मिनिटं धरली, तर साठ भागांना २४० मिनिटं. म्हणजे चार तास! आणि संध्याकाळी साहेब सांगणार, “अगं, पेटीची उंची बदललीय, फायली परत काढ.” झालं! सातची बस चुकलीच.

बरं, हे ‘बिनडोक’ काम म्हणावं, तर एक चूकही महाग पडते. जुन्या रिव्हिजनची फाइल गेली, डाव्या दाराऐवजी उजवं गेलं, तर पत्रा थेट भंगारात. इंच आणि मिलिमीटरचा घोळ झाला, तर माप २५.४ पटींनी चुकतं. जिथे वाकवायचं त्या रेषा वेगळ्या लेयरवर ठेवल्या नाहीत, तर मशिन तिथेही कापू शकतं. या सगळ्या खाचाखोचा त्या मुलीला पाठ असतात. फक्त त्या तिच्या डोक्यात असतात, कागदावर नसतात.

हेच काम कॉम्प्युटरकडून करून घेता येतं. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅक्रो’ लिहिता येतो. मॅक्रो म्हणजे सूचनांची यादी: पूर्ण जोडणी उघड, एकेक भाग घे, पत्र्याचा असेल तर सपाट कर, नाव त्याच्या माहितीतून उचल, फाइल ठेव, पुढचा घे. आपण माऊसनं जे करतो, ते ‘रेकॉर्ड’ करून सुरुवात करायचीही सोय तिथे आहे. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं आणि त्यात पायथन भाषा चालते. मॅक्रो नीट बसला, की चार तासांचं काम चहा होईपर्यंत उरकू शकतं.

पण खरी मेख इथेच आहे. हाताची चूक एका भागापुरती असते, मॅक्रोची चूक साठही भागांत जाते, तीही झटपट! विकत आणलेले स्क्रू आणि बिजागऱ्या वगळायच्या, एकच भाग आठ ठिकाणी असेल तर फाइल एकच काढून नग आठ लिहायचे, जाडी भरलेली नसेल तर गुपचूप पुढे न जाता थांबून विचारायचं, शेवटी काय निघालं आणि काय राहिलं याची यादी द्यायची, हे सगळं मॅक्रोला आधी सांगावं लागतं. आणि ते सांगू शकतं कोण? जिनं या फायली वर्षानुवर्षं हातानं काढल्यात, तीच.

याला जुना दाखला आहे. १९५० च्या आसपास अमेरिकेत प्रोग्रॅमर एकमेकांच्या वह्यांमधून सूचनांचे तुकडे उतरवून घेत आणि उतरवताना चुका करत. ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाईंनी हे तुकडे गोळा करायचं काम मशिनलाच लावलं. १९५२ चा त्यांचा ‘ए-झीरो’ सुरुवातीच्या कंपायलरांपैकी एक मानला जातो. उतरवून घ्यायची कटकट त्यांना आतून ठाऊक होती, हे महत्त्वाचं!

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या किंवा लेकीच्या ऑफिसात असं काम असेल, तर ‘मॅक्रो आला की आपली गरज संपली’ म्हणून हातपाय गाळू नका. ही भीती खोटी नाही. बाहेरचा माणूस येऊन मॅक्रो बसवून गेला, तर तुमच्या डोक्यातले नियम बिननावाचे वापरले जातील आणि तुमची खुर्ची ‘जादा’ ठरू शकते. त्याआधी एक वही घ्या. फाइल काढताना तुम्ही काय काय तपासता ते आठवडाभर लिहून काढा. मग एकाच प्रकारच्या भागावर छोटा मॅक्रो करून बघा आणि पहिले काही दिवस त्याच्या फायली हाताच्या फायलींशी ताडून बघा. इंग्रजीची धास्ती असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात कॉम्प्युटरचे धडे मराठीतही आहेत.

आणि मॅक्रो चालला, की त्याच्या पहिल्या ओळीत स्वतःचं नाव आणि तारीख टाका. पगारवाढीच्या बैठकीला जाताना चार तासांचा हिशेबही घेऊन जा. वाचलेला वेळ कारखान्याला दिसतोच. तो कुणामुळे वाचला, हे मात्र आपणच सांगावं लागतं.