वाढत्या वयातील मुलांचे चर्वणस्नायू आणि चेहऱ्याची ठेवण

मूल आईच्या वळणावर गेले की वडिलांच्या, ही चर्चा घरोघरी होते. चेहऱ्याची ठेवण सर्वस्वी आनुवंशिक असते, हे त्यात गृहीतच धरलेले असते. तथापि हाडांवर सतत पडणाऱ्या स्नायूंच्या ओढीचाही त्यात वाटा असतो. या वाट्याचे स्वरूप प्रस्तुत लेखात तपासले आहे.

चर्वणाचे प्रमुख स्नायू प्रत्येक बाजूस चार असतात. मॅसेटर, टेम्पोरॅलिस व आतील टेरिगॉइड हे तिघे खालचा जबडा वर उचलतात. बाहेरील टेरिगॉइड तोंड उघडण्यास साहाय्य करतो. दात घट्ट मिटले असता गालाच्या मागील भागात जो टणक लागतो, तो मॅसेटर. हाडाचा आकार या ओढीवर किती अवलंबून असतो, हे शेरवुड वॉशबर्न यांनी १९४७ मध्ये दाखविले. नवजात उंदरांचा टेम्पोरॅलिस काढून टाकला असता, तो जबड्याच्या ज्या उंचवट्यास जोडलेला असतो तो उंचवटाच पुढे निर्माण झाला नाही.

मानवात असा प्रयोग अर्थातच शक्य नाही. परंतु मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायुविकाराने बाधित मुलांत त्याचे प्रतिबिंब दिसते. दुर्बल स्नायूंमुळे जबडा खाली लोंबतो, आवर न राहिल्याने दाढा अधिक उगवतात, जबडा खाली व मागे वळतो आणि चेहरा लांबट होतो. निरोगी मुलांतही हाच कल सौम्य स्वरूपात आढळतो. ७ ते २२ वर्षे वयोगटातील ग्रीक व्यक्तींच्या अल्ट्रासाउंडवर आधारित १९९६ च्या अभ्यासात जाड मॅसेटर असणाऱ्यांचे चेहरे तुलनेने रुंद व आखूड आढळले.

येथवर सारे सुसंगत वाटते. अडचण निर्माण होते ती प्रॉफिट व फील्ड्स यांच्या १९८३ च्या मोजमापांमुळे. लांब चेहऱ्याच्या प्रौढांचा चावण्याचा जोर सर्वसाधारण प्रौढांपेक्षा बराच कमी होता; मुलांत मात्र लांब व सर्वसाधारण चेहऱ्यांच्या गटांत असा फरक आढळला नाही. म्हणजे चेहरा आधी लांबला आणि जोरातील तफावत नंतर उघड झाली. दुर्बलता हे कारण की परिणाम, असा प्रश्न येथे उभा राहतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते, कमाल जोर हे मोजमापच अपुरे आहे; विश्रांतीच्या स्थितीतील हलका परंतु दीर्घकाळ टिकणारा ताण वाढीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असावा.

आहाराचा मुद्दा याच्याशी निगडित आहे. कॉरुचिनी व सहकाऱ्यांच्या १९८३ च्या उत्तर भारतातील पाहणीत ग्रामीण पंजाबी युवकांपेक्षा शहरी युवकांत दंतरचनेचे दोष अधिक आढळले, आणि मऊ आहार हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. परंतु यावरून ऊस व फुटाणे खाऊन चेहरा घडविता येतो, असे पालकांना सांगणे घाईचे ठरेल. लांब चेहऱ्याच्या मुलांना वर्षभर रोज चिवट पदार्थ चघळावयास देण्याचा प्रयोग १९८७ मध्ये झाला. चावण्याचा जोर वाढला, जबडाही काहीसा पुढे वळला. पण मुले होती अवघी १३, आणि चघळण्याचा अवधी होता रोज दोन तास.