गप्पा मारीत धावा!

शाळेच्या क्रीडास्पर्धांना महिना उरला की मैदानावर एक दृश्य हमखास दिसते. पंधराशे मीटरच्या शर्यतीत नाव दिलेला एखादा मुलगा पहाटे मैदानावर येतो आणि पहिल्याच दिवशी जीव तोडून धावतो. दोन फेऱ्यांत त्याला धाप लागते, बरगडीखाली कळ येते आणि गुडघ्यांवर हात टेकून तो उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात नडग्या ठणकू लागतात. दहाव्या दिवशी तो येतच नाही. ‘धावणे आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो, आणि पुष्कळदा तो निष्कर्ष जन्मभर बाळगतो.

आता आपल्या शहरात पहाटे धावणाऱ्या हौशी मंडळींचा एखादा गट पहा. त्यात बँकेतला कारकून असतो, दुकानदार असतो, दोन मुलांची आई असते, नुकतेच निवृत्त झालेले एखादे आजोबाही असतात. ही मंडळी तासभर धावतात आणि तासभर बोलतात! कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या घराचे बांधकाम, कालचा क्रिकेटचा सामना, काही म्हणून विषय सुटत नाही. पाहणाऱ्याला वाटते, हा कसला व्यायाम? या तर चालत्या चकाट्या! पण वर्षअखेरीस यांतलेच काही जण ४२ किलोमीटरची मॅरेथॉन शर्यत पुरी करून येतात.

सोळा वर्षांचा मुलगा दहा दिवसांत थकतो आणि पन्नाशीचा कारकून ४२ किलोमीटर धावतो, हे कसे? याचे उत्तर प्रथम सापडले ते प्रयोगशाळेत नव्हे. ते सापडले न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात, बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाला. म्हणून आधी आपण तिकडे जाऊ.

कारखान्यातला प्रयोगकर्ता

आर्थर लिडियार्ड याचा जन्म १९१७ सालचा. तरुणपणी तो रग्बी खेळे आणि आपण अगदी ठणठणीत आहोत अशी त्याची समजूत होती. ऑकलंडच्या लिनडेल या धावण्याच्या क्लबाचे अध्यक्ष जॅक डोलन त्याच्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते. एके दिवशी त्यांनी या तरुणाला आपल्याबरोबर पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर, धावायला नेले. डोलन आरामात धावत राहिले. लिडियार्डची मात्र छाती फुटायची वेळ आली. तिशीही न गाठलेल्या या गड्याला प्रश्न पडला: आत्ताच माझी ही अवस्था, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी माझे काय होईल?

दुसरा कोणी असता तर त्याने तो नाद सोडला असता. लिडियार्डने क्लबात जाणे सुरू केले आणि स्वतःच्या शरीरावर प्रयोग मांडला. त्या काळचे बहुतेक धावपटू थोडे अंतर वेगाने कापणे, थोडी विश्रांती घेणे, पुन्हा वेगाने धावणे अशा पद्धतीने सराव करीत. लिडियार्डने ती पद्धत करून पाहिली आणि लांब पल्ल्याचे संथ धावणेही करून पाहिले. आठवड्याला किती धावावे? त्याने अगदी थोड्या अंतरापासून सुरुवात केली आणि तो वाढवत थेट २५० मैलांपर्यंत जाऊन पोहोचला. एवढे धावल्यावर शरीर सुधारण्याऐवजी खचते, हे त्याला स्वतःच्या पायांनी शिकवले. अखेर आठवड्याला १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, हे प्रमाण त्याला सर्वांत लाभदायक वाटले. हे सर्व त्याने कारखान्यातली नोकरी सांभाळून केले. (हा आकडा कसलेल्या प्रौढ धावपटूंसाठी आहे. तुम्ही उद्या सकाळी त्याच्या मागे लागू नका!)

या खटाटोपात त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. धाप न लागू देता महिनोन्‌महिने लांब धावले की पुढे वेगाने धावणेही सोपे जाते. असे का व्हावे, हे त्याला सांगता येत नव्हते. होते, एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

हळूहळू आसपासची मुले त्याच्याबरोबर धावू लागली. दर रविवारी त्याच्या घरापासून निघून वायटाकेरेच्या डोंगरांतून वायाटारुआमार्गे परत यायचे, असा २२ मैलांचा रस्ता ठरला. या मुलांपैकी मरे हॅल्बर्ग याचा डावा हात रग्बी खेळताना झालेल्या दुखापतीने निकामी झालेला होता. पीटर स्नेल या धिप्पाड मुलाला पहिल्यांदा तो रस्ता अगदी असह्य झाला होता. २ सप्टेंबर १९६० या दिवशी रोमच्या ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच मैदानावर हॅल्बर्गने ५००० मीटरचे जिंकले. पुढे मॅरेथॉनमध्ये त्यांच्याच गटातला बॅरी मॅगी तिसरा आला.

आठशे मीटर धावायला पावणेदोन मिनिटे लागतात. मग त्यासाठी दर रविवारी दोन-अडीच तास धावून काय मिळते? जगभरचे प्रशिक्षक डोके खाजवू लागले. त्यात डिसेंबर १९६१ मध्ये स्नेल चक्क एक पूर्ण मॅरेथॉन धावला आणि २७ जानेवारी १९६२ रोजी वांगानुई या गावी त्याने मैलाच्या शर्यतीचा जागतिक विक्रम केला: ३ मिनिटे ५४.४ सेकंद!

स्नायूंतली चूल

आता शरीरात काय घडते ते पाहू. स्नायूंना लागणारी शक्ती ग्लुकोज आणि चरबी यांच्यापासून मिळते. प्राणवायू भरपूर असला की ग्लुकोज पूर्णपणे ‘जळते’, आणि त्याच्या एका रेणूपासून एटीपी या शक्तिवाहक पदार्थाचे सुमारे ३० रेणू तयार होतात. शक्तीची गरज एकाएकी वाढली आणि हे ज्वलन तिला पुरे पडेना, की स्नायू घाईचा मार्ग धरतात. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे फक्त २ रेणू मिळतात आणि लॅक्टेट मागे उरते. चुलीत लाकडे खच्चून भरली आणि वारा कमी पडला की अर्धवट जळलेला कोळसा उरतो, तसेच हे. पूर्वीच्या पुस्तकांत याला दुग्धाम्ल म्हणत आणि ते थकवा आणणारे विषच आहे असे सांगत. आता ते मत मागे पडले आहे. कोळसा पुन्हा जाळता येतो, तसे लॅक्टेटही हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. अडचण एवढीच की ते साचण्याचा वेग खर्च होण्याच्या वेगापेक्षा वाढला, तर त्याबरोबर स्नायूंतली आम्लताही वाढते आणि आपण फार वेळ टिकाव धरू शकत नाही.

म्हणजे दमदार धावपटू व्हायचे तर चूल मोठी हवी आणि वारा भरपूर हवा. स्नायूंच्या पेशींत ही चूल असते तंतुकणिका या सूक्ष्म घटकांत. तेथवर प्राणवायू पोहोचवतात हृदय, रक्त आणि केसाहून बारीक अशा केशवाहिन्या. १९६७ मध्ये जॉन होलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांना १२ आठवडे फिरत्या पट्ट्यावर धावायला लावले, आणि त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखवून दिले. माणसातही असाच बदल होतो. शिवाय स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात.

हृदयाची गंमत तर साध्या गुणाकाराने समजते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला ७० वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते. ७० गुणिले ७० म्हणजे ४,९०० मिलिलिटर, जवळजवळ पाच लिटर. मुरलेल्या धावपटूचे हृदय प्रत्येक ठोक्याला १०० मिलिलिटर रक्त ढकलत असेल, तर तेवढ्याच कामाला ५० ठोके पुरतात. उरलेले ठोके धावताना कामी येतात!

पण यासाठी संथच का धावायचे? याची कारणे दोन. एक म्हणजे, बहुतेक माणसांत हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त मध्यम वेगालाच जवळजवळ कमाल मर्यादेला पोहोचते. त्यापुढे वेग वाढवला तर मुख्यतः ठोके वाढतात. म्हणजे हृदयाच्या कप्प्यांना ताण देण्याचे काम मध्यम वेगातही चांगले होते. दुसरे म्हणजे, जीव तोडून धावणे दहा मिनिटांत संपते. संथ धावणे तासभर चालते, आणि उद्या पुन्हा करता येते. तंतुकणिका वाढण्याची आज्ञा पेशींना त्या तासभर मिळत राहते.

तिसरे कारण मोठे मजेदार आहे. आपल्या स्नायूंत मंद तंतू आणि जलद तंतू असे दोन प्रकारचे तंतू असतात. संथ धावताना आधी मंद तंतू कामाला लागतात. १९७० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी दीर्घ व्यायामाच्या आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूंचे अगदी बारीक तुकडे काढून तपासले. तेव्हा असे दिसले की मंद तंतूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत आला की जलद तंतू त्यांच्या जागी कामाला येतात. म्हणजे दोन तासांच्या धावेत शेवटी शेवटी जलद तंतूंचाही सराव होतो. स्नेलच्या रविवारचे कोडे यामुळे बरेचसे उलगडते. आणि हे स्पष्टीकरण आवडीने सांगत असे तो कोण? स्वतः पीटर स्नेल! धावणे सोडल्यावर तो अमेरिकेत शिकायला गेला, व्यायामाच्या शरीरशास्त्रात त्याने पीएच. डी. मिळवली आणि डॅलस येथे अनेक वर्षे संशोधन केले. २०१९ साली त्याचे निधन झाले. गुरूने पायांनी शोधलेल्या गोष्टीची कारणे शिष्याने अशी अभ्यासून सांगितली.

लिडियार्डचे शिष्य रमतगमत रांगत असत, असे मात्र समजू नका. त्यांची धाव चांगली झपझप असे, फक्त धाप लागू द्यायची नाही. आणि हा पाया घातल्यावर काही आठवडे चढावर धावणे आणि शेवटी वेगाचा कसून सराव असे. पाया न घालता माडी बांधू नये, एवढेच त्याचे म्हणणे.

क्लबाचा उपयोग

एकटा माणूस हळू धावू शकत नाही, असे मला अनेकदा वाटते. शेजारून कोणी गेले की त्याचे पाय आपोआप वेग धरतात. गटात मात्र गप्पा सुरू असतात, आणि गप्पा हेच वेगाचे मापक! बोलायचे तर श्वास सावकाश सोडावा लागतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की वाढलेली आम्लता शमविताना रक्तात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर टाकण्यासाठी श्वास भराभर चालू लागतो आणि वाक्ये तुटू लागतात. प्रयोगशाळेतील महागड्या यंत्राने जी मर्यादा मोजतात, ती पहाटेच्या गटातल्या काकूंना बोलता बोलता कळते.

१९६२ साली ऑकलंडमध्ये असाच एक ‘जॉगर्स क्लब’ निघाला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवण्याचा तो काळ होता. लिडियार्डबरोबर मात्र असे काही रोगीही हळूहळू धावू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बिल बाउवरमन हे नामवंत अमेरिकन प्रशिक्षक तेथे आले आणि क्लबाबरोबर धावायला निघाले. वय एक्कावन्न, धावपटूंचे गुरू. आपण सहज पुढे जाऊ असे त्यांना वाटले असणार. थोड्याच वेळात ते मागे पडले. त्यांच्या सोबतीला थांबला तो सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, आणि त्याला हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले होते! बाउवरमन परतले ते हा वसा घेऊन. त्यांनी आपल्या गावी साध्या नागरिकांचे धावण्याचे वर्ग सुरू केले आणि १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिले. आज गावोगावी पहाटे दिसणाऱ्या मंडळींचे मूळ बरेचसे या घटनेत आहे.

आता त्या नडग्या ठणकणाऱ्या मुलाकडे वळू. त्याचे काय चुकले? श्रम केल्यावर रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच वाढते, हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. पण हाडे आणि स्नायूबंध यांना मजबूत व्हायला महिने लागतात. दम लवकर येतो, पाय मागे राहतात. त्याला ‘आणखी जोरात!’ म्हणून ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते. तो आळशी नव्हता आणि दुबळाही नव्हता.

हे स्वतः पडताळून पहायचे असेल तर एक प्रयोग करा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणात पडल्या पडल्याच, मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि वहीत लिहा. आठवडाभर फक्त मोजा. नंतर एक दिवसाआड वीस मिनिटे धावा, आणि धावताना तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न’ एका श्वासात नीट म्हणता आले, तर वेग योग्य. मध्येच अडखळलात, तर वेग कमी करा, लागल्यास चाला. उन्हाळ्यात ऊन चढण्याच्या आत आटोपा. छातीत दुखले किंवा घेरी आली तर लगेच थांबून मोठ्यांना सांगा, आणि ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आठ आठवड्यांनी आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर नाडीचे ठोके घेऊन बिंदू मांडा. रेषा खालीवर होत जाईल, त्याने गोंधळू नका. दर आठवड्याची सरासरी काढा. एखाद्या सकाळी ठोके एकदम आठ-दहांनी वाढलेले दिसले, तर झोप अपुरी झाली असेल किंवा ताप येऊ घातला असेल. त्या दिवशी धावू नका, पण मोजलेला आकडा मात्र वहीत लिहून ठेवा.